टेकडीवरून दिसणारी लढाई

पटावरच्या युद्धखेळात अनिश्चिततेचा भार बहुधा फाशांवर टाकलेला असतो: कोणत्या पथकाने कोठे हल्ला करायचा हे खेळाडू ठरवतो आणि तो साधला की फसला एवढेच दान सांगते. रणांगणावरील सेनापतीला मात्र त्याआधीचेच प्रश्न छळतात; शत्रू कोठे आहे, आपली पथके या क्षणी कोठवर पोहोचली आहेत आणि मघाशी धाडलेल्या हुकमाचा अर्थ समोरच्याने काय लावला, यांपैकी कशाचीच त्याला खात्री नसते.

क्रिमियन युद्धात २५ ऑक्टोबर १८५४ रोजी बालाक्लावा येथे नेमके हेच घडले. ब्रिटिश सरसेनापती लॉर्ड रॅग्लन उंच टेकडीवर असल्याने त्याला खालची दोन्ही खोरी आणि त्यांच्यामधला उंचवटा स्पष्ट दिसत होता. त्या उंचवट्यावर काबीज केलेल्या तोफा रशियन ओढून नेत आहेत असे वाटून त्याने घोडदळाला, झपाट्याने पुढे जाऊन ते रोखावे, असा लेखी हुकूम पाठवला. तोफा कोणत्या, हे त्यात नव्हते. वरून पाहणाऱ्याला ते सांगण्याची गरजच भासली नसावी. घोडदळाचा प्रमुख लॉर्ड लूकन खोऱ्याच्या तळाशी होता आणि तेथून त्याला त्या तोफा दिसत नव्हत्या. त्याने विचारले तेव्हा चिठ्ठी आणणाऱ्या कॅप्टन नोलानने खोऱ्याच्या टोकाकडे मोघम हात केला, असे सांगतात, आणि त्या टोकाला रशियनांचा सज्ज तोफखाना होता. लॉर्ड कार्डिगनच्या हाताखालचे सुमारे ६७० स्वार तीन बाजूंच्या माऱ्यातून त्याच्यावर चालून गेले. नोलान सुरुवातीलाच पडल्यामुळे त्याला काय म्हणायचे होते हे कायमचे गुलदस्त्यात राहिले. लूकन आणि कार्डिगन हे मेहुणे असून त्यांचे आपसांत वैर होते, ही बाब तर कोणत्याच नियमपुस्तकात मावणारी नाही.

हीच लढाई पटावर मांडली की रॅग्लनची नजर आणि कार्डिगनचा लगाम एकाच माणसाकडे येतात, आणि तो ठोकळा बिनचूक उंचवट्याकडे सरकवतो. फासे कितीही टाकले तरी ही उणीव भरून निघत नाही.

प्रशियाच्या तोफखान्यातील अधिकारी रायस्वित्झ याने बालाक्लावाच्या ३० वर्षे आधी, १८२४ मध्ये, प्रसिद्ध केलेल्या ‘क्रीगस्पील’ या युद्धखेळात यावर उपाय होता. फासे त्यातही होते, पण दोन्ही पक्ष आपले हुकूम लिहून पंचाकडे देत, पंच प्रत्येकाला त्याच्या सैन्याच्या दृष्टीस पडेल तेवढेच दाखवी, आणि दूरच्या अधिकाऱ्याला धाडलेला निरोप स्वाराला तेथवर जाण्यास लागणारा वेळ मोजूनच पोहोचे. घरगुती खेळांत ही पद्धत फारशी रुजली नाही, कारण तिला तिसरा जाणकार माणूस लागतो आणि अर्धा वेळ रिकाम्या नकाशासमोर उत्तराची वाट पाहण्यात मौज मानणारे खेळाडू थोडेच.