पगारी खेळाडूंचा वस्ताद कॉलेजात

शाळेच्या मैदानावर बास्केटबॉलचे दोन खांब आता बऱ्याच ठिकाणी दिसतात. हा खेळ जेम्स नेस्मिथ नावाच्या शिक्षकाने १८९१ साली अमेरिकेत काढला आणि १८९८ पासून तो कॅन्सस विद्यापीठात शिकवू लागला. त्याच विद्यापीठात १९८३ साली लॅरी ब्राउन हा वस्ताद आला, त्याची ही हकिकत.

ब्राउनचा जन्म न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागातला, १९४० चा. उंची जेमतेम पावणेसहा फूट. तरी १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकमध्ये सुवर्णपदक मिळवणाऱ्या अमेरिकन संघात तो होता. पुढे धंदेवाईक संघांचा वस्ताद झाला. मध्ये १९७९ ते ८१ लॉस एंजलिसच्या विद्यापीठात शिकवले, पुन्हा पगारी संघाकडे गेला आणि तिथून कॅन्ससला.

आता कुणी म्हणेल, खेळ तोच, मग फरक कसला? फरक मोठा आहे. धंदेवाईक साखळीत वर्षाला ८२ सामने; एक संपतो न संपतो तोच दुसऱ्या गावचा प्रवास. खेळाडू कराराने बांधलेले, मालक त्यांची अदलाबदल करतात. शिकवायला सवड ती किती? कॉलेजात सामने तीस-पस्तीस, बाकी दिवस सरावाचे. पोरगा अठरा वर्षांचा असतो. पाय कुठे टाकावा इथपासून त्याला सांगता येते. ब्राउनला हेच आवडे.

पण कॉलेजात तेव्हा खेळाडू विकत मिळत नसे. घरोघर जाऊन आईबापांना राजी करावे लागे. एड मॅनिंग हा ब्राउनच्या जुन्या संघातला गडी, तेव्हा ट्रक चालवीत होता. ब्राउनने त्याला आपला मदतनीस नेमले आणि त्याचा गुणी मुलगा डॅनी कॅन्ससला आला. लोक कुजबुजले, कुजबुजणारच! १९८८ साली हा संघ अकरा सामने हरूनही राष्ट्रीय स्पर्धेच्या अंतिम सामन्यात पोचला. मध्यंतरास पन्नास-पन्नास अशी बरोबरी होती. शेवटी ८३-७९ ने ओक्लाहोमाला हरवले. एकट्या डॅनीचे गुण ३१.

ब्राउन लगेच सॅन अँटोनियोच्या धंदेवाईक संघाकडे गेला. पाठोपाठ शिक्षा आली, ती मागे राहिलेल्यांवर. कॅन्ससला येऊ पाहणाऱ्या एका खेळाडूला आजारी आजीला भेटायला विमानाचे तिकीट दिले, अशांसारख्या गोष्टी नियमाबाहेरच्या ठरल्या. आजीसाठी तिकीट देणे माणुसकीचे, असे आपल्याला वाटेल. पण एका कॉलेजाने दिले की दुसरे मोटार देईल, म्हणून तेव्हा नियम कडक होते. १९८९ च्या स्पर्धेत विजेत्या कॅन्ससलाच बंदी झाली. लॉस एंजलिसच्या विद्यापीठाचे १९८० चे उपविजेतेपदही असेच मागाहून रद्द झाले होते.

२००४ साली डेट्रॉइटला घेऊन ब्राउनने धंदेवाईक अजिंक्यपदही मिळवले. दोन्ही पदे मिळवणारा तो एकटाच. २०१२ साली, सत्तरी उलटल्यावर, तो डलासच्या सदर्न मेथॉडिस्ट विद्यापीठात पुन्हा कॉलेजच्या मुलांकडे आला. तिथे एका खेळाडूचा अभ्यास कचेरीतल्या बाईने करून दिला. ब्राउनला ते कळले, पण त्याने वर कळवले नाही आणि चौकशीत आधी खोटे सांगितले. इथे मात्र माणुसकीची सबब चालत नाही. त्याला नऊ सामने बाहेर बसावे लागले. जुलै २०१६ मध्ये त्याने जागा सोडली. त्या हंगामात पोरांनी तीसपैकी पंचवीस सामने जिंकले होते. राष्ट्रीय स्पर्धा सुरू झाली तेव्हा ती घरी होती.