आत्मप्रत्यय आणि विद्या

एखाद्या मुलाला गणित येत नाहीं, याचीं कारणें दोन असूं शकतात. एक, त्याला तें अद्याप समजलेलें नसतें. दुसरें, आपणांस तें कधींच समजणार नाहीं अशी त्याची खात्री झालेली असते. पहिलें कारण सरावानें दूर होतें. दुसरें मात्र सरावालाच वाव ठेवीत नाहीं. असा मुलगा पहिल्या अडचणीलाच पाटी खालीं ठेवितो, आणि मग ओढवलेलें अपयश हा आपल्या ‘ढ’पणाचा पुरावा मानतो.

अल्बर्ट बांडुरा या मानसशास्त्रज्ञानें १९७७ सालीं या आत्मप्रत्ययाचें शास्त्रीय विवेचन केलें. त्याच्या मतें तो चार वाटांनीं बळावतो: स्वतः तडीस नेलेलें काम, आपल्यासारख्याच दुसऱ्याचें यश, विश्वासाच्या माणसानें दिलेला धीर आणि चित्ताची स्वस्थता. यांत पहिली वाट सर्वांत बळकट होय. पनवेलचा एखादा जुना सुतार नव्या पोराच्या हातीं प्रथम रंधा देतो, सांधा मागाहून. त्याचें मर्म हेंच.

देवरुखच्या पार्वतीबाई आठवले यांचें चरित्र या दृष्टीनें बोधप्रद आहे. १८७० सालीं जन्मलेल्या या बाईंना विसाव्या वर्षाच्या सुमारास वैधव्य आलें. तेव्हां त्यांना लिहितां-वाचतां येत नव्हतें. परंतु त्यांची विधवा बहीण बाया शारदासदनांत शिकली होती व पुढें धोंडो केशव कर्वे यांची पत्नी झाली होती. बहिणीचें उदाहरण डोळ्यांपुढें व कर्व्यांचा धीर पाठीशीं, अशा स्थितींत पार्वतीबाई पंचविशीच्या सुमारास मुळाक्षरें गिरवूं लागल्या. पुढें त्यांनीं कर्व्यांच्या आश्रमाचें काम अंगावर घेतलें व त्यासाठीं गांवोगांव वर्गणी गोळा केली. इंग्रजी मात्र साधेना. तेव्हां १९१८ सालीं, सुमारें ४८ वर्षांच्या वयांत, त्या अमेरिकेस गेल्या आणि तेथें घरकाम करून राहिल्या. मुळाक्षरांपासून अमेरिकेपर्यंतची ही वाट एका उडीची नव्हे. प्रत्येक पायरीनें पुढच्या पायरीचें बळ दिलें.

आत्मप्रत्यय म्हणजे बढाई नव्हे. नुसत्या विश्वासानें उदाहरण सुटत नाहीं. तें चुकल्यावर पुन्हां मांडण्याचें बळ मात्र विश्वासानेंच येतें. कचेरींतील नवख्या कारकुनाचीही गोष्ट हीच. म्हणून घरांतील वडील माणसांनीं मुलास ‘तूं हुशार आहेस’ एवढेंच म्हणून थांबूं नये, आणि ‘तुला जमणार नाहीं’ हें तर कधींच म्हणूं नये. त्याला झेपेल असें एक उदाहरण द्यावें, तें त्याचें त्यालाच सोडवूं द्यावें, आणि मगच दुसरें पुढें करावें.