सलाईनच्या बाटलीइतकेच हाताकडेही लक्ष द्या

आपल्या भागात आजारी माणसाला सलाईन लागली की घरच्यांना निम्मा धीर येतो. जुलाब-उलट्या असोत, ताप असो की उन्हाळ्यातली चक्कर, ‘डॉक्टरसाहेब, एक बाटली लावून द्या’ ही मागणी ठरलेली. सोबतचा नातेवाईक बाटली किती उतरली ते पाहत बसतो, थेंब थांबला की सिस्टरला हाक मारतो. हे योग्यच आहे. परंतु ज्या हातात ते पाणी जात असते, त्या हाताकडे फारसे कोणी पाहत नाही. सलाईनमुळे नेहमी होणारा एक त्रास तिथेच सुरू होतो. तो म्हणजे शिरेला येणारी सूज. डॉक्टर तिला फ्लेबायटीस म्हणतात. मराठीत आपण शिरादाह म्हणू.

फेब्रुवारी २०२४ मध्ये आपल्याच लोणार तालुक्यातील सोमठाणा येथे हरिनाम सप्ताहात एकादशीच्या प्रसादातून शेकडो भाविकांना विषबाधा झाली. बिबीच्या ग्रामीण रुग्णालयात खाटा पुरेनात, तेव्हा झाडांना दोऱ्या बांधून त्यांवर सलाईनच्या बाटल्या टांगाव्या लागल्या. सुदैवाने रुग्ण धोक्याबाहेर राहिले. अशा गर्दीत एक सिस्टर किती जणांचे हात पाहणार? म्हणून हे काम सोबतच्या माणसालाही यायला हवे.

शिरादाह का होतो?

हातात लावतात ती इंट्राकॅथ. काही जण तिला व्हेनफ्लॉन म्हणतात. ती टोचताना आत सुई असते, पण सुई लगेच काढून घेतात आणि शिरेत राहते ती प्लॅस्टिकची बारीक नळी. नळी शिरेच्या मानाने जाड असेल किंवा मनगटाच्या वा कोपराच्या सांध्यावर लावली असेल, तर हात हलला की ती शिरेला आतून घासते. हे पहिले कारण. दुसरे कारण औषधाचे. पोटॅशियम, जास्त साखरेची सलाईन आणि काही अँटिबायोटिक्स शिरेला झोंबतात. तिसरे कारण अस्वच्छतेचे. न धुतलेला हात किंवा ओली, मळलेली पट्टी यांतून जंतू आत शिरतात.

ओळखावा कसा?

सुईच्या जागी दुखणे, लाली, सूज आणि गरमपणा या चार खुणा लक्षात ठेवा. ब्रिटनमधील अँड्र्यू जॅक्सन यांनी १९९८ मध्ये शून्य ते पाच अशी एक सोपी मोजपट्टी मांडली. ती आज अनेक देशांत परिचारिका वापरतात. काहीच त्रास नसेल तर शून्य. किंचित दुखणे किंवा किंचित लाली असेल तर एक. अशा वेळी लक्ष ठेवायचे. दुखणे, लाली आणि सूज यांपैकी दोन खुणा दिसल्या की दोन. तेव्हा नळी काढून दुसरीकडे लावायची. शिरेच्या मार्गावर दुखून भोवतालचा भाग टणक झाला तर तीन, शीर दोरीसारखी हाताला लागली तर चार आणि सोबत तापही आला तर पाच.

सूज आहे पण हात गार आणि फिकट वाटतो, तर पाणी शिरेबाहेर मांसात जात आहे असे समजावे. तेव्हाही सलाईन तत्काळ बंद करायला सांगावे.

झाल्यास काय करावे?

प्रथम सिस्टरला बोलवा. ‘अर्धीच बाटली राहिली, उतरू द्या’ असे म्हणू नका. त्या जागेची नळी काढून कोरड्या कापसाने दोन-तीन मिनिटे दाबून धरतात. पुढची सलाईन शक्यतो दुसऱ्या हाताला लावावी. दुखरा हात उशीवर उंच ठेवावा. कोमट पाण्यात भिजवून पिळलेल्या कापडाने १५ ते २० मिनिटे, दिवसातून तीन-चार वेळा शेकावे. मधुमेही, वृद्ध आणि लहान मुलांना चटका कळत नाही किंवा सांगता येत नाही, म्हणून पाणी आधी आपल्या हातावर पाहावे. पाणी शिरेबाहेर गेले असेल तर मात्र गरम शेकावे की थंड, हे औषधावर ठरते; सिस्टरला विचारूनच करा. मलम लागल्यास डॉक्टर लिहून देतात.

शीर चोळू नका. आत रक्ताची गुठळी असली तर ती सुटून पुढे जाण्याची भीती असते. हळद-चुन्याचा लेपही नको. गेल्या वर्षी सोयाबीन सोंगणीच्या दिवसांत एक मजूर बाई माझ्याकडे आल्या. शीर थोडीशीच सुजली होती, पण चुन्याने वरची कातडी भाजून फोड आले होते. शिरेची सूज आठवड्यात ओसरली, फोड भरायला मात्र तीन आठवडे लागले. तेवढी मजुरी बुडाली.

थंडी वाजून ताप येणे, पू दिसणे, लाल रेघ दंडाकडे चढणे किंवा सगळा हात सुजणे यांपैकी काहीही झाले तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. जंतू रक्तात पसरले तर जिवावर बेतू शकते.

होऊ नये म्हणून

हात धुऊन मगच टोचावे, स्पिरिट वाळू द्यावे आणि पुसलेल्या जागेला पुन्हा बोट लावू नये. पट्टीवर तारीख आणि वेळ लिहिलेली असावी. गरज संपली की नळी त्याच दिवशी काढावी. आपल्याकडे ‘उद्या परत इंजेक्शन आहे’ म्हणून हातात नळी ठेवूनच रुग्ण गावी जातो, गोठ्यात शेण काढतो, आंघोळीत पट्टी भिजवतो. नळी ठेवणे भागच असेल तर ती जागा कोरडी ठेवा, त्या हाताने काम करू नका आणि सकाळ-संध्याकाळ उजेडात हात पाहा.

सलाईन हवीच का?

साखर-मिठाच्या अर्ध्या लिटर सलाईनमध्ये २५ ग्रॅम साखर आणि साडेचार ग्रॅम मीठ असते. तिने ‘ताकद’ येत नाही. १९७१ मध्ये बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलऱ्याची साथ आली आणि सलाईन संपत आली. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी साखर-मिठाचे पाणी तोंडाने पाजून मृत्यूचे प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून ४ टक्क्यांच्या खाली आणले. आजचे ओआरएस ते हेच. रुग्ण शुद्धीवर असेल आणि पिऊ शकत असेल, तर जुलाबात एक मोठे पाकीट एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात मिसळून घोटघोट पाजावे. उलट्या थांबत नसतील, ग्लानी असेल किंवा लघवी बंद झाली असेल तर मात्र सलाईनच लागते. तेव्हा उशीर करू नये.

सलाईन लागलीच तर दर दोन तासांनी रुग्णाच्या बाहीची घडी वर करा, हात पाहा आणि ‘इथे दुखते का?’ एवढे विचारा.