शेततळ्यातील मिश्र मत्स्यपालन : हिशोब टिकणाऱ्या पाण्याचा

शहापूर व मुरबाड भागात पहिल्या मोठ्या पावसात वलगण चढते. ओढ्यातील मासे झुंडीने प्रवाहाविरुद्ध निघून भातखाचरांत येतात आणि चार दिवस घरोघर माशांचे कालवण शिजते. पुढे वर्षभर मासे विकतच घ्यावे लागतात. तानसा आणि भातसा ही मुंबईला पाणी देणारी धरणे शहापूर तालुक्यात आहेत, तरी एप्रिल-मेमध्ये येथील अनेक पाडे टँकरची वाट पाहतात. अशा भागात शेततळ्यातील पाण्यावर भाजीबरोबर मासेही निघतील का, असे शेतकरी बंधू विचारतात. निघतात, परंतु बीज किती सोडावयाचे हे तळ्याच्या आकारावर न ठरवता टिकणाऱ्या पाण्यावर ठरवावे लागते.

भाताच्या बांधावर आपण तूर लावतो. दोन्ही पिकांची मुळे वेगळ्या थरातून अन्न घेतात, म्हणून ती एकमेकांना मारत नाहीत. तळ्यातही तसेच आहे. कटल्याचे तोंड वर वळलेले असते व तो वरच्या थरातील सूक्ष्म प्राणी खातो. रोहू मधल्या थरात वनस्पतिजन्य अन्नावर जगतो. मृगळाचे तोंड खाली असून तो तळाचा कुजका पाला व गाळातील अन्न वेचतो. नुसता कटला सोडला तर तळाचे अन्न वाया जाते आणि वरच्या थरात मारामारी होते. म्हणून कटला, रोहू व मृगळ यांचे प्रमाण साधारण ४:३:३ ठेवतात. प्लास्टिक अंथरलेल्या तळ्यात गाळ नसतो. तेथे मृगळ कमी करून रोहू वाढवावा, असे माझे मत आहे.

हे मासे साचलेल्या पाण्यात अंडी घालत नाहीत. १० जुलै १९५७ रोजी ओडिशातील अंगुळ येथे डॉ. हिरालाल चौधरी यांनी पियुषिका ग्रंथीच्या अर्काचे इंजेक्शन देऊन या जातींचे प्रजनन घडविले. त्यामुळेच आज केंद्रावर खात्रीचे बीज मिळते. नदीतून पकडलेल्या बीजात मरळ, शिंगट्या केव्हा येतील याचा नेम नसतो. वलगणीचे मासे तर आपण होऊन तळ्यात शिरतात आणि सोडलेले बीज फस्त करतात. म्हणून पाणी आत येण्याच्या व सांडव्याच्या तोंडाला बारीक जाळी पावसापूर्वीच बसवावी. आफ्रिकन मागूर कोणी स्वस्तात देऊ केला तरी घेऊ नये. तो पाळण्यास बंदी आहे.

आता संख्या. हेक्टरी ५,००० बोटुकली म्हणजे गुंठ्याला ५० होतात. ३० × ३० मीटरचे तळे काठोकाठ भरले असता ९ गुंठे भरते, म्हणून बहुतेक जण ४५० बीज आणतात. येथेच चूक होते. तळ्याच्या बाजू उतरत्या असतात, जमीन मुरमाड असेल तर पाणी झिरपते आणि भाजीलाही पाणी उपसले जाते. पाण्याचा पसारा २० × २० मीटरवर आला की उरतात ४ गुंठे, आणि तेवढ्यात ४५० वाढलेले मासे कोंडतात. अशा तळ्यात २५० पुरेत : कटला १००, रोहू ७५, मृगळ ७५. पाणी सात-आठ महिनेच टिकत असेल तर जिरे आणू नयेत. बोटाएवढे, शक्यतो त्याहून मोठे बीज घ्यावे. पिशवी १५ ते २० मिनिटे तळ्यात तरंगत ठेवून मगच हळूहळू तोंड सोडावे.

बीज सोडण्यापूर्वी चुना व शेण द्यावे. पुढे शेण किती द्यावयाचे ते हातच सांगतो. कोपरापर्यंत हात पाण्यात बुडवावा. तळवा दिसेनासा झाला की शेण बंद. हे मी पुस्तकात वाचले होते, तरी मुरबाडकडे एका स्नेह्याच्या तळ्यावर ऑगस्टच्या शेवटी दोन पाट्या जास्तच टाकावयास सांगितल्या. तीन दिवस आभाळ होते. चौथ्या पहाटे त्याचा मुलगा धावत आला : मासे तोंडे वर काढून हवा घेत होते. रात्री पाण्यातील शेवाळही प्राणवायू वापरते, वर शेण कुजताना तो आणखी घटतो आणि ढगाळ दिवसात त्याची भरपाई होत नाही. आम्ही पंप लावून तळ्याचेच पाणी उंचावरून परत सोडले. निम्मे वाचले, मेलेल्यात कटला जास्त होता. स्नेह्याने मला बोल लावला नाही, पण पुढच्या वर्षी शेण मात्र स्वतःच्या मनाने टाकले. ढगाळ हवेत शेण व खाद्य दोन्ही थांबवावे.

खाद्य म्हणून भाताचा कोंडा व भुईमूग पेंड समभाग, माशांच्या अंदाजी वजनाच्या २ ते ३ टक्के, रोज सकाळी द्यावे. कोंडा गावच्या गिरणीतच मिळतो. भोके पाडलेल्या गोणीत भरून ती बांबूला बांधावी, म्हणजे उरलेले खाद्य दिसते.

काढणी एकदम करू नये. मार्गशीर्षात गिऱ्हाईक कमी असते. पौषात, म्हशाच्या यात्रेच्या सुमारास, मोठे मासे जाळ्याने काढून विकावेत. पाणी उतरू लागते तेव्हाच गर्दीही कमी होते आणि मागे राहिलेले लहान मासे फेब्रुवारी-मार्चपर्यंत भरतात. पाणी कमरेपर्यंत आले की मात्र वाढीची वाट न पाहता सर्व मासे काढून घ्यावेत.