हप्त्यात न धरलेली झोप

१ जून १९४८ रोजी पुणे-नगर मार्गावर एसटीची पहिली बस धावली. आम्हा नगरकरांना ही गोष्ट शाळेत शिकवावी लागत नाही, ती घरोघरी मुरलेली असते. २०२४ पासून कागदोपत्री आमचं नगर अहिल्यानगर झालं, पण तो रस्ता सगळ्यांच्या तोंडी अजूनही ‘पुणे रोड’च आहे. माझे थोरले मामा साठच्या दशकात एसटीत चालक म्हणून लागले आणि तारकपूर आगारातून निवृत्त झाले. त्यांना आयुष्यात दोनच आकड्यांचा अभिमान होता. एक म्हणजे त्यांच्या गाडीचं ‘ॲव्हरेज’, लिटरला किती किलोमीटर गाडी गेली तो आकडा. दुसरा म्हणजे अपघातांच्या रकान्यातलं शून्य.

लहानपणी सुट्टीत मी त्यांच्या गाडीने पाथर्डीला जात असे. चालकामागच्या पहिल्या बाकावर बसून मी त्यांचे पाय बघायचो. मला वाटायचं, मामा गाडी फारच रडतखडत चालवतात. करंजीच्या घाटात मागचे ट्रक भोंगे वाजवत, पण मामा ढिम्म. एकदा मी विचारलंच, “मामा, तुम्ही ब्रेक का नाही मारत?” ते म्हणाले, “भाच्या, जितक्या वेळा ब्रेक दाबला तितक्या वेळा डिझेल रस्त्यावर सांडलं म्हणून समज.”

त्यातलं शास्त्र मला पुढे खूप वर्षांनी कळलं. डिझेल जाळून आपण गाडीला वेग देतो, आणि ब्रेक दाबला की तोच वेग नुसती उष्णता होऊन हवेत जातो. म्हणजे डिझेल वाचवायचं तर ब्रेक कमी लागायला हवा. ब्रेक कमी लागायला हवा तर नजर लांब हवी, पुढच्या गाडीपासून अंतर हवं आणि पाय वेळेवर उचलायला हवा. अपघात टाळण्याचे नियम तरी याहून वेगळे कोणते आहेत?

घाटाचंच उदाहरण घ्या. उतारावर गाडी न्यूट्रल करून सोडायची, म्हणजे डिझेल वाचतं, अशी आपल्याकडे जुनी समजूत आहे. ती दोन्ही बाजूंनी खोटी आहे. गाडी गिअरमध्ये ठेवून पाय उचलला, तर आजकालच्या इंजिनांत इंधन जवळजवळ बंदच होतं. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवण्यापुरतं ते जळतच राहतं. शिवाय इंजिनाचा अटकाव गेल्याने सगळा भार ब्रेकवर येतो आणि लांबच्या उतारावर ब्रेक तापून निकामी होतात.

ही सांगड एका देशाने अनवधानानेच घालून पाहिली. १९७३ च्या अरब-इस्रायल युद्धानंतर तेलाची टंचाई झाली, म्हणून अमेरिकेने पुढच्या वर्षी देशभर ताशी ५५ मैलांची, म्हणजे सुमारे ८८ किलोमीटरची वेगमर्यादा घातली. हेतू एकच होता, पेट्रोल वाचवण्याचा. १९७३ मध्ये तिथे रस्त्यांवर सुमारे ५४ हजार माणसं मेली होती, १९७४ मध्ये ती संख्या ४५ हजारांवर आली. लोक प्रवासच कमी करत होते हेही त्यामागे होतं, पण कमी झालेल्या वेगाचा त्यात मोठा वाटा होता, असं अभ्यासकांनी पुढे मान्य केलं. जागतिक आरोग्य संघटनेचा आजचा हिशेब असा, की रस्त्यावरचा सरासरी वेग एक टक्का वाढला, तर जीवघेण्या अपघातांचा धोका चार टक्क्यांनी वाढतो.

आणि या वेगातून हाती काय लागतं? बँकेतल्या माणसाची खोड म्हणून मी नगर-पुण्याचे १२० किलोमीटर धरून गणित मांडलं. ताशी ५० ऐवजी ६० ने गेलात, तर २४ मिनिटं वाचतात. ६० ऐवजी ७० केलेत, तर १७. ७० ऐवजी ८० केलेत, तर १५ मिनिटंही वाचत नाहीत, फक्त १३! दर दहा किलोमीटरला परतावा घटत जातो, आणि धोका व डिझेल मात्र चढत जातात. असा व्यवहार कर्जदार घेऊन आला असता तर मी त्याला दारातूनच परत पाठवलं असतं.

मग माणसं वेगाने का चालवतात? स्वीडनचे मानसशास्त्रज्ञ ओला स्वेन्सन यांनी १९८१ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत लोकांना एक साधा प्रश्न विचारला होता: इतरांच्या तुलनेत तुमचं गाडी चालवण्याचं कौशल्य कितपत आहे? अमेरिकेतल्या ९३ टक्के लोकांनी स्वतःला वरच्या निम्म्यात बसवलं, तर स्वीडनमध्ये ६९ टक्क्यांनी. सगळेच सरासरीपेक्षा सरस! आमच्या माळीवाड्यात विचारलं, तर आकडा शंभरच्या खाली येणार नाही. आपण वाईट चालवतो असं कुणालाच वाटत नाही, म्हणून उपदेशाच्या पाट्या शेजाऱ्यासाठी आहेत असं समजून आपण पुढे जातो.

पण वाचकहो, सगळा दोष अहंकारावर ढकलून मोकळं होता येत नाही. इथे मला माझ्याच एका फाइलीपाशी यावं लागतं.

१९९६ सालची गोष्ट. जिल्ह्यातल्या एका शाखेत मी कर्ज विभाग पाहत होतो. एक तिशीचा तरुण जुना ट्रक घेण्यासाठी आला. कांदा भरून वाशीच्या बाजारात न्यायचा, असा त्याचा धंदा. मालकही तोच, चालकही तोच. मी नियमाप्रमाणे तक्ता मांडला. फेऱ्या, भाडं, डिझेल, टायर, विमा, दुरुस्ती. महिन्याला चौदा फेऱ्या धरल्या, तर हप्ता बसेना. मी पेन्सिलने चौदाचे अठरा केले आणि म्हणालो, “अठरा फेऱ्या होतील ना?” तो म्हणाला, “जमवू की साहेब.” हप्ता बसला. कर्ज मंजूर झालं. माझ्या चांगल्या प्रकरणांत मी ते मोजत असे, कारण त्याचा हप्ता कधी चुकला नाही.

चौदाव्या महिन्यात, पहाटे चारच्या सुमाराला, रिकामा ट्रक घेऊन परत येताना सुप्याच्या अलीकडे तो रस्त्याच्या कडेला उभ्या असलेल्या उसाच्या ट्रॉलीवर मागून आदळला. ट्रॉलीला मागे दिवा नव्हता की चमकणारी पट्टी नव्हती. तो जागीच गेला. कागदांत कारण लिहिलं होतं, ‘अतिवेग’.

विम्याचे पैसे आले आणि खातं पूर्ण फिटलं. ना हरकत दाखला न्यायला त्याची बायको आली होती, बरोबर दीर होता. दाखला हातात घेऊन तिने मला विचारलं, “साहेब, हप्ता एकदाही चुकला नव्हता ना त्यांचा?”

“नाही,” मी म्हणालो.

त्या रात्री मी तक्ता पुन्हा मांडला. वाशीची जा-ये पाचशे किलोमीटरची. अठरा फेऱ्या म्हणजे महिन्याला नऊ हजार. भरलेला ट्रक, त्या काळचा रस्ता आणि बोरघाट धरून ताशी सरासरी चाळीस पकडली, तर नुसतं चालवणंच सव्वादोनशे तास. महिन्याचे पंचवीस दिवस धरले, तर रोज नऊ तास. त्यात कांदा भरणं, बाजारात नंबर लागेपर्यंत थांबणं, टायर बदलणं धरलेलंच नाही. १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्यात साधारणपणे दिवसाला आठ तास आणि आठवड्याला ४८ तास अशी कामाची मर्यादा होती. पण स्वतःच मालक आणि स्वतःच चालक असलेल्याचे तास मोजणार कोण? माझ्या तक्त्यात टायरच्या झिजेला रकाना होता. चालकाच्या झोपेला नव्हता.

१९९७ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या दोन संशोधकांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. सलग सतरा तास जागलेल्या माणसाच्या हातात आणि नजरेत तितकीच ढिलाई येते, जितकी रक्तात ०.०५ टक्के मद्य असताना येते. आपल्या कायद्यात चालकासाठी मद्याची मर्यादा ०.०३ टक्के आहे. म्हणजे दारूच्या थेंबालाही न शिवलेला माझा कर्जदार त्या पहाटे, त्या मापाने, बहुधा नशेत होता. आणि ती नशा पेन्सिलने मी मांडली होती.

२०२२ साली देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं मेली, म्हणजे रोज साडेचारशेहून अधिक. त्यातले सुमारे ७१ टक्के मृत्यू सरकारी अहवालात अतिवेगाच्या नावावर आहेत. तो शब्द वाचला की मला प्रश्न पडतो, या वेगामागे कुणाकुणाच्या पेन्सिली असतील?

यंत्राची कसोटी घ्यायला आमच्याच शहराजवळ, वाहननगरला, संरक्षण खात्याची संशोधन संस्था आहे. माणसाला शिकवण्यासाठी भोसरीत केंद्रीय रस्ते परिवहन संस्था १९६७ पासून काम करते आहे. इंधन बचतीचं चालन शिकवलं, तर बहुधा पाच ते दहा टक्के इंधन वाचतं, असं देशोदेशींचे अभ्यास सांगतात. मात्र ते पुढे असंही सांगतात, की मागे कुणी विचारणारं नसेल, तर काही महिन्यांत सवय पूर्वपदावर येते. मामांना विचारणारं कुणीतरी होतं. ॲव्हरेज लिहिलं जात होतं, ड्यूटीला सुरुवात होती आणि शेवटही होता. ते सावकाश चालवू शकत, कारण लवकर पोचण्यावर त्यांचा पगार अवलंबून नव्हता.

आता ही पेन्सिल बँकेपुरती राहिलेली नाही. मुंबईची कुटुंबं रात्री कामं आटोपून भाड्याच्या गाडीने शिर्डीला निघतात. पहाटे काकड आरती, मग शनिशिंगणापूर, आणि रात्रीच्या आत घर. आपण मागच्या सीटवर झोप काढतो. दर्शनाच्या रांगेत आपण उभे असताना चालक पार्किंगमध्ये उन्हात बसलेला असतो. गाडी ठरवताना आपण किलोमीटरचा दर विचारतो, एसी विचारतो. चालक कधी झोपला, हे विचारत नाही.

गेल्या हिवाळ्यात पुण्याला एका लग्नाला जाताना मी ते विचारलं. चालक पंचविशीचा मुलगा. आधी हसला, मग म्हणाला, “काका, परवा दुपारी.” सुप्याला मी गाडी थांबवायला लावली. तो सीट मागे करून तासभर झोपला, आणि मी हॉटेलबाहेरच्या बाकावर दोन चहा संपवले. बायको घड्याळ बघत होती, पण काही बोलली नाही.

अक्षता चुकल्या. जेवायला दुसरी पंगत मिळाली.