मुंतखब कुणाच्या हुकमाने?

जालन्याकडून जिंतूरला जाताना देवगाव फाटा लागतो, तिथून सेलूची वाट फुटते. या पट्ट्यात इनाम जमिनीचा वाद निघाला की नुसत्या सातबाऱ्यावर भागत नाही. वकील 1954-55 चं खासरा पत्रक मागतो आणि पाठोपाठ विचारतो, ‘मुंतखब आहे का?’ बहुतेक घरांत त्या उर्दू कागदाकडे पुरावा म्हणूनच पाहतात. पण राजाचा अधिकार कुठवर चालायचा आणि तो कायद्याच्या हाती कसा आला, हेही त्यात वाचता येतं.

हा पट्टा परभणी जिल्ह्यातला, आणि 1948 पर्यंत हा जिल्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. जमिनीच्या ढोबळ तऱ्हा तीन. दिवाणी किंवा खालसा जमिनीचा सारा सरकारी खजिन्यात जाई. सर्फ-ए-खासचं उत्पन्न निजामाच्या खासगीत जमा होई. जहागिरी आणि इनामांचा सारा राजाने दुसऱ्याला सोडून दिलेला असे. कधी देवळाच्या किंवा दर्ग्याच्या सेवेसाठी, कधी नुसता एखाद्या कुटुंबाच्या चरितार्थासाठी. त्या चरितार्थाच्या इनामाला मदद-ए-माश म्हणत.

देणारा राजा, म्हणून इनामदार वारला की इनाम आपोआप मुलाकडे जात नसे. इनामांचं काम पाहणारं अतियात खातं विरासतीची चौकशी लावी. मूळ सनद खरी आहे का, वारस कोण, ज्या सेवेसाठी जमीन दिली ती सेवा चालू आहे का, हे तपासलं जाई. या चौकशीच्या निकालाचा गोषवारा म्हणजे मुंतखब. त्यात गाव, इनामाचा प्रकार, धारकाचं नाव आणि अटी सापडतात. अटींचा रकाना आधी वाचावा. जमीन देवाची की पुजाऱ्याची, हे भांडण बहुधा तिथेच सुटतं, किंवा तिथेच सुरू होतं.

तारीख फसली सनात असते. हैदराबादी फसली वर्ष आजूर महिन्यात, म्हणजे ऑक्टोबरच्या सुरुवातीला बदलायचं. सनात 590 मिळवले की ते वर्ष ज्या इसवी सनात सुरू झालं तो मिळतो. जानेवारीपासून पुढच्या तारखांना 591 मिळवायचे. 1357 फसली म्हणजे ऑक्टोबर 1947 ते ऑक्टोबर 1948. संस्थान भारतात आणणारी पोलीस कारवाई याच वर्षातली.

आता कागदाची चाल. खालून वर अर्जदाश्त जाई, वरून खाली फर्मान येई. खात्याचं परिपत्रक ते गश्ती, आणि सरकारी राजपत्र ते जरीदा. 1893 पासून संस्थानात कायदे मंडळ होतं, 1919 पासून बाब-ए-हुकूमत हे कार्यकारी मंडळही होतं. कागदावर हे सगळं भारदस्त दिसतं, पण फर्मानाला अडवण्याची ताकद यातल्या कुणाकडेच नव्हती. नवाब वलीउद्दौला यांच्या वारशाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 1955 साली हे स्पष्टच नोंदवलं: अंतर्गत कारभारात निजामच सर्वोच्च कायदेकर्ता, न्यायाधीश आणि प्रशासक होता, आणि त्याचं फर्मान इतर कायद्यांवर मात करी. म्हणून एखादं फर्मान कायदा आहे, निवाडा आहे की साधा हुकूम, हे त्याच्या मथळ्यावरून ठरत नाही, मजकुरातून ठरवावं लागतं.

राजाच्या शब्दाला अडवायचं कुणी, हाच पेच इंग्लंडमध्ये तीन-साडेतीनशे वर्षं आधी पडला होता. तिथल्या राजाच्या सनदांच्या नकला 1201 पासून गुंडाळ्यांवर उतरवलेल्या आहेत, म्हणून कुणाला काय दिलं हे आजही वाचता येतं. एलिझाबेथ राणीने मीठ, स्टार्च, पत्ते अशा वस्तूंचे मक्ते मर्जीतल्या लोकांना वाटले. 1601 मध्ये पार्लमेंट खवळलं, तेव्हा तिने काही मक्ते स्वतःच्या जाहीरनाम्याने मागे घेतले. हुशारीच ती! मक्ते गेले, द्यायचा अधिकार शाबूत राहिला. 1610 मध्ये न्यायमूर्ती एडवर्ड कोक यांनी सांगितलं की राजा नुसत्या जाहीरनाम्याने नवा गुन्हा निर्माण करू शकत नाही. अखेर 1624 मध्ये पार्लमेंटने मक्त्यांवर कायदाच केला.

हैदराबादेतही आधी राजाच्याच शब्दाने आणि मग कायद्याने, असाच क्रम दिसतो, फक्त सगळं पाच-सहा वर्षांत उरकलं. पोलीस कारवाईनंतर निजामाने फर्मान काढून आपले अधिकार लष्करी गव्हर्नर जे. एन. चौधुरी यांना दिले. त्याच अधिकारात ऑगस्ट 1949 मध्ये जहागिरी रद्द झाल्या. म्हणजे जहागीर राजाच्या शब्दाने मिळालेली, आणि ती गेलीही राजाच्याच शब्दाच्या जोरावर. त्यात निवडून आलेल्या सभेचा हात नव्हता. 23 नोव्हेंबर 1949 च्या फर्मानाने निजामाने भारताची राज्यघटना संस्थानाला लागू मान्य केली. ज्याच्या शब्दावर कसलंच बंधन नव्हतं, त्याने त्याच शब्दाने स्वतःवर बंधन घालून घेतलं.

इनामं मात्र वेगळ्या वाटेने गेली. 1952 च्या निवडणुकीनंतर हैदराबादला विधानसभा मिळाली आणि इनामं व रोख अनुदानं रद्द करणारा 1954 चा कायदा तिच्या काळात झाला. पण त्यात एक मोठी सूट होती: धर्मादाय आणि धार्मिक संस्थांसाठीची इनामं त्यातून वगळली गेली. मदद-ए-माशचा मुंतखब त्यामुळे बराचसा इतिहासजमा झाला. देवस्थान, मशीद किंवा दर्ग्याच्या सेवेचा मात्र अजून महसुली दाव्यांत नकलेचा शिक्का मारून दाखल होतो. म्हणूनच वकील मुंतखब मागतो, आणि तो हातात आला की आधी अटींचा रकाना काढतो.