डावीकडे वळायचं तर डावं हँडल पुढे ढकला

सुरतेजवळच्या पलसाण्याच्या चौकडीवर मुंबई-अहमदाबाद हायवे आणि हजिऱ्याहून येणारा ५३ नंबरचा हायवे एकमेकांना छेदतात. दिवाळी आली, लग्नसराई आली, की सुरतेच्या मिलमधली खान्देशची पोरं इथूनच गाडी बारडोलीकडे घालतात आणि व्यारा, सोनगढ, नवापूर करत धुळ्याच्या वाटेला लागतात. बराच वेळ रस्ता सरळच जातो. मग कोंडाईबारीचा घाट येतो, आणि तिथे प्रत्येक दुचाकीस्वार असं एक काम करतो, जे आपण करतो आहोत याचा त्याला पत्ताच नसतो.

डावं वळण आलं की तो हँडल डावीकडे वळवत नाही. वेग बऱ्यापैकी असेल तर तो डावं हँडल पुढे ढकलतो, म्हणजे पुढचं चाक क्षणभर किंचित उजवीकडे जातं. चाक उजवीकडे सरकलं की वरची गाडी डावीकडे कलते, आणि कलली की मग वळते. दहा-बारा वर्षं गाडी चालवलेल्या माणसाला हे सांगून पाहा, तो शपथेवर नाही म्हणेल. त्याच्या हातांना माहीत आहे, त्याला माहीत नाही! व्यावसायिक रेसरचं सगळं आयुष्य या एका गोष्टीला धार लावण्यात जातं.

ही धार म्हणजे काय, ते थोड्या हिशेबाने कळेल. ताशी ७२ किलोमीटरने साधारण ४० मीटर त्रिज्येचं वळण घ्यायचं, तर गाडीला ४५ अंश कलावं लागतं. तेवढंच कलून दुप्पट वेगाने जायचं, तर वळण चौपट मोठं हवं. आणि यात वजनाचा काही संबंध नाही. ५० किलोचं पोरगं असो की मागे बायको आणि पुढे पिशव्या घेतलेला बाप्या, त्याच वेगाला त्याच वळणावर कल तेवढाच. मला हे दर वेळी नव्याने नवल वाटतं. मोटोजीपीचे, म्हणजे मोटरसायकलींच्या जागतिक स्पर्धेतल्या सर्वांत वरच्या वर्गाचे स्वार साठ अंशांच्याही पलीकडे जातात. साठ अंशांना गाडीला बाजूने धरून ठेवणारा जोर तिच्या वजनाच्या पावणेदोन पट लागतो, आणि तो सगळा पुरवायचा कोणी? रस्त्याला टेकलेल्या तळहाताएवढ्या रबराने. आपल्या रोजच्या टायरला ते झेपत नाही. शर्यतीचा टायर मऊ असतो, आणि तो गाडी सुटण्याआधी विजेच्या ब्लँकेटमध्ये गुंडाळून तापवून ठेवतात. थंड टायरवर पहिल्याच वळणाला पडलेले मोठमोठे स्वार आहेत. स्वार आतल्या बाजूला लोंबकळतो तो दिखाव्यासाठी नव्हे. त्याचं अंग आत गेलं की गाडीला तेवढं कमी कलावं लागतं. गुडघा जमिनीला लागतो, तो किती कललो हे मोजायला.

आता यात आपल्या मुंबईचा एक धागा आहे, आणि तो फारच थोड्या लोकांच्या लक्षात राहिला आहे. २०११ साली महिंद्राने जागतिक स्पर्धेच्या १२५ सीसी वर्गात स्वतःची गाडी उतरवली. पुढच्या वर्षी तो वर्ग जाऊन मोटो३ आला: २५० सीसीचं एक सिलिंडरचं इंजिन. आज या वर्गात गाडी आणि स्वार मिळून किमान वजन १५२ किलो लागतं. महिंद्राचे सुरुवातीचे दिवस वाईट गेले. मग स्विस कंपनी सुटरबरोबर नवी गाडी केली, आणि २०१३ मध्ये सेपांगच्या शर्यतीत पोर्तुगालच्या मिगेल ओलिव्हेराने तिच्यावर तिसरा नंबर काढला. २०१५ ला या गाडीवर तुरिनचा एक सडपातळ पोरगा बसला, फ्रान्चेस्को बन्याया. त्याच वर्षी ल मान्सच्या शर्यतीत तो तिसरा आला.

२६ जून २०१६, नेदरलँड्समधलं आसेन. मोटो३ ची शर्यत म्हणजे दहा-बारा गाड्यांचा एकच थवा असतो. पुढच्या गाडीने हवा कापलेली असते, त्यामुळे मागच्याला कमी ताकदीत जास्त वेग मिळतो. म्हणून शेवटच्या फेरीत पहिलं असणं नेहमीच फायद्याचं नसतं. त्या दिवशी बन्याया जिंकला. त्याचा हा पहिला जागतिक विजय, आणि महिंद्राचाही. त्या वर्षी सेपांगलाही तो जिंकला. २०१७ नंतर महिंद्राने मोटो३ सोडलं. बन्याया मात्र २०१८ ला मधल्या वर्गाचा, मोटो२ चा, आणि २०२२, २०२३ ला डुकाटीवर मोटोजीपीचा जगज्जेता झाला. जगज्जेत्याची पहिली जीत भारतीय गाडीवर झाली, हे आपल्या शाळांतल्या पोरांना माहीत असायला हवं असं मला मनापासून वाटतं.

या धंद्याची दुसरी बाजू अंगावर काटा आणते. आसेनलाच, २०१३ मध्ये, मोटोजीपीचा स्वार होर्खे लोरेन्सो याचं कॉलरबोन गुरुवारी मोडलं. तो विमानाने बार्सिलोनाला गेला, हाडाला धातूची पट्टी बसवून घेतली, परत आला आणि शनिवारच्या शर्यतीत पाचवा आला. हे शौर्य म्हणून सांगितलं जातं. मला त्यात शौर्याबरोबर एका धंद्याची सक्तीही दिसते: गाडीवर नसलेल्या स्वाराला गुण नाहीत, आणि खालच्या वर्गांत तर कित्येकांना जागा मिळवायला प्रायोजकाचे पैसे स्वतःबरोबर आणावे लागतात. २०१८ पासून कातडी सूटमध्ये एअरबॅग सक्तीची आहे. स्वार उडाला हे सेन्सरला त्याच्याआधी कळतं, आणि जमिनीला टेकण्यापूर्वी खांद्याभोवतीची पिशवी फुगलेली असते.

२४ सप्टेंबर २०२३ ला मोटोजीपी भारतात आली, नोएडाजवळच्या बुद्ध सर्किटवर. सरळ पट्ट्यावर ताशी तीनशेच्या वर. उकाडा एवढा की शर्यत २४ ऐवजी २१ फेऱ्यांची केली. मार्को बेझेकी जिंकला, आणि आघाडीच्या गटातला बन्याया पडला.

या खेळात वर चढायची आपल्याकडची शिडी बघायची तर पुण्याच्या सार्थक चव्हाणकडे बघा. शाळकरी वयात तो होंडाच्या एनएसएफ २५०आर वर, म्हणजे मोटो३ च्याच घराण्यातल्या गाडीवर, चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टैच्या ट्रॅकवर जिंकत होता. ट्रॅक ३.७ किलोमीटरचा. राष्ट्रीय शर्यती बहुतेक तिथे किंवा कोइंबतूरला होतात, म्हणजे पुण्याच्या पोराला प्रत्येक सरावासाठी हजार-बाराशे किलोमीटर. स्पेन-इटलीतली मुलं सहा-सात वर्षांची असतानाच छोट्या गाड्यांवर आठवड्याला ट्रॅक मारतात. गंमत अशी की युरोपातल्या मुलांनी ज्या केटीएम आरसी ३९० वर शर्यती केल्या, ती गाडी चाकणला बनते. गाडी आपल्याकडे, अभियंते आपल्याकडे. पोरांना हक्काने पडायला, उठून पुन्हा तेच वळण घ्यायला, घराजवळ सुरक्षित ट्रॅक तेवढा कमी आहे. तो मिळाला नाही, तर हा सराव घाटातच होतो, आणि घाटात समोरून ट्रक येतात.